सुदर्शनाचा जीर्णोद्धारकर्ता : महाक्षत्रप रुद्रदामन

सौराष्ट्रातील जुनागढ शहरातून गिरनार पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर तीन राजांच्या काळचे लेख कोरलेले आहेत. सर्वांत जुना सम्राट अशोकाच्या चौदा धर्माज्ञांचा, दुसरा महाक्षत्रप रुद्रदामनाचा आणि तिसरा गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या कारकीर्दीतला. पहिल्या लेखाचा विषय धर्म हा आहे. उरलेल्या दोहोंचा विषय एक तलाव आहे. रुद्रदामनाचे जे चरित्र आज सांगता येते त्याचा फार मोठा भाग ह्यांपैकी दुसऱ्या लेखाच्या वीस ओळींतून येतो. कोणत्याही विजयाच्या, यज्ञाच्या वा देवालयाच्या निमित्ताने त्या ओळी कोरल्या गेलेल्या नाहीत. एक मोठा बांध फुटला आणि तो पुन्हा घालण्यात आला, एवढेच त्यांचे निमित्त आहे. माळव्यापासून सिंधपर्यंत सत्ता गाजविणाऱ्या ह्या शक राजाचे आयुष्य पाहावयाचे तर त्या बांधावर उभे राहूनच ते पाहावे लागते.

रुद्रदामन हा चष्टनाचा नातू आणि जयदामनाचा पुत्र. चष्टनाच्या पित्याचे नाव यसामोतिक. ते नाव उघडच परदेशी आहे. परंतु मुलगा आणि नातू यांच्या नावांत जय आणि रुद्र हे शब्द आले, यावरून हे घराणे ह्या भूमीत किती लवकर रुजले ते दिसते. ग्रीक भूगोलकार टॉलेमी याला उज्जयिनीचा राजा म्हणून चष्टनाचे नाव ठाऊक होते. जयदामन नाण्यांवर केवळ क्षत्रप म्हणूनच येतो, महाक्षत्रपपद त्याला मिळालेले दिसत नाही. बहुधा पित्याच्या हयातीतच तो वारला असावा. कच्छच्या रणालगत अंधौ येथे सापडलेल्या स्मृतिशिळांवर शक वर्ष ५२, म्हणजे इ. स. १३० हा काल असून तेथे चष्टन आणि रुद्रदामन या आजा-नातवांची नावे एकत्र येतात. कोणा मदन नावाच्या गृहस्थाने आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ हे दगड उभारले होते. राज्यकर्त्यांची नावे त्यांवर केवळ कालगणनेसाठी आली. पण इतिहासाला रुद्रदामन प्रथम भेटतो तो येथे, एका सामान्य माणसाच्या दुःखाच्या कडेला.

त्याच्या बालपणाविषयी, शिक्षणाविषयी स्वतंत्र साधन नाही. गिरनारचा लेख मात्र त्याच्या विद्यांची यादी देतो. व्याकरण, अर्थशास्त्र, संगीत, न्याय या विद्यांचे अध्ययन, त्यांचे धारण आणि त्यांचा प्रयोग यांत तो निपुण होता. घोडा, हत्ती, रथ, ढाल-तलवार आणि द्वंद्वयुद्ध यांतही त्याचा हात सफाईचा होता. राजकन्यांच्या स्वयंवरांत त्याच्या गळ्यात अनेक माळा पडल्या होत्या. प्रशस्तीची ही भाषा ठरावीक साच्याची आहे हे मान्य केले, तरी दोन गोष्टी साच्याबाहेरच्या वाटतात. सर्व वर्णांच्या लोकांनी रक्षणासाठी त्याला आपला स्वामी म्हणून निवडले, असे लेख सांगतो; आणि रणांगणाखेरीज अन्यत्र मनुष्यवध न करण्याची त्याची प्रतिज्ञा आमरण पाळली जाणारी होती, असेही सांगतो. ज्या घराण्याचे मूळ परके, त्याला राज्याधिकाराचे समर्थन अशा रीतीने द्यावे लागत असेल, असा तर्क करता येतो. महाक्षत्रप हे पद त्याने स्वतः मिळविले, हा उल्लेखही बोलका आहे. आजोबांच्या मागे ते आपोआप चालत आले नव्हते.

त्याच्या युद्धांचा तपशील लेखात अगदी थोडा आहे. नहपानाच्या क्षहरात कुळाचा गौतमीपुत्र सातकर्णीने उच्छेद केला होता. नाशिकच्या लेण्यातील त्याच्या मातेच्या, गौतमी बलश्रीच्या लेखात सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, आकरावन्ती हे देश त्याच्या सत्तेखाली असल्याचे नोंदलेले आहे. गिरनारच्या लेखात हीच नावे पुन्हा भेटतात, पण मालक बदललेला असतो. आता ती रुद्रदामनाची झालेली आहेत आणि त्यांच्या जोडीला आनर्त, श्वभ्र, मरु, कच्छ, सिंधु-सौवीर आणि निषाद ही नावे आहेत. नाशिकच्या यादीतील विदर्भ, मूलक, अश्मक मात्र येथे नाहीत. दख्खनचे पठार सातवाहनांकडेच राहिले. दोन लेण्याशिळांवरच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की एका पिढीतील उलथापालथ कळते. तिसऱ्या साधनाची फारशी गरज राहत नाही. उत्तरेकडे आपल्या वीरपणाचा अभिमान बाळगणाऱ्या यौधेयांना त्याने नमविले. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला उघड्या युद्धात दोनदा जिंकूनही, जवळच्या नात्यामुळे त्याला समूळ नष्ट केले नाही. हे नाते कोणते, याचे उत्तर कोकणातून येते. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

सुदर्शन तलाव रुद्रदामनाच्या आधी साडेचारशे वर्षांपूर्वीचा. चंद्रगुप्त मौर्याचा सौराष्ट्रातील अधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने तो बांधविला. पुढे अशोकाच्या वतीने तेथे कारभार पाहणाऱ्या तुषास्फ नावाच्या यवन राजाने त्याला पाट काढून दिले. म्हणजे पाणी अडविणारा एक आणि ते वाटून देणारा दुसरा. एकाचे कूळ वैश्य, दुसरा यवन म्हणविला गेलेला पण नावावरून इराणी वाटणारा. आणि पुढे दुरुस्ती करणारा तिसरा पह्लव. एका तलावाच्या काठी एवढे विविध मूळ असलेले लोक अन्यत्र क्वचितच एकत्र आलेले दिसतील. मौर्य साम्राज्य गेले, त्यानंतरच्या सत्ता आल्या आणि गेल्या, परंतु गिरनारवरून उतरणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी आदी नद्यांचे पाणी ह्या बांधामागे साठत राहिले. सुवर्णसिकता म्हणजे आजची सोनरेख. बांध माती-दगडांचा होता, त्याची लांबी, रुंदी, उंची सांधे न दिसतील अशी जुळविलेली होती. पाणी सोडण्याचे पाट, सांडवे आणि मल साचू नये यासाठी केलेली योजना यांचाही लेखात उल्लेख आहे. दुसऱ्या शतकातील एका राजप्रशस्तीच्या प्रारंभीच जलबांधणीची ही परिभाषा यावी, हे संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबून पाहण्याजोगे आहे.

शक वर्ष ७२, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. इसवी सनाप्रमाणे हे साल १५० होय. त्या दिवशी मेघांनी असा वर्षाव केला की पृथ्वी जणू एक समुद्र झाली. ऊर्जयत् पर्वतावरून उतरणाऱ्या नद्यांना महापूर आला. योग्य ती खबरदारी घेतली होती, असे लेख आवर्जून सांगतो. तरीही प्रलयकाळच्या वाटाव्या अशा वाऱ्याने घुसळलेल्या पाण्याने डोंगरांची शिखरे, झाडे, काठ, गच्च्या, माड्या, दरवाजे, आश्रयस्थाने सारे उद्ध्वस्त केले आणि दगड, वृक्ष, झुडपे, वेली यांचा खच पाडीत बांध थेट नदीच्या तळापर्यंत उघडा केला. भगदाड ४२० हात लांब, तेवढेच रुंद आणि ७५ हात खोल पडले. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर लांबी सहाशे फुटांच्या वर आणि खोली शंभर फुटांहून अधिक होते. सर्व पाणी वाहून गेले. जेथे तलाव होता तेथे मरुभूमीसारखी वाळू उरली, आणि लेखकाने नावावर श्लेष साधून सांगितले की सुदर्शन आता दुर्दर्शन झाला.

हा महिना ध्यानात घेण्यासारखा आहे. मार्गशीर्षात, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपून गेलेला असतो. अरबी समुद्रात मात्र पावसाळा सरल्यानंतरच्या ह्याच दिवसांत चक्रीवादळे उठतात आणि त्यांतील काही सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येतात. लेखातील वारा आणि पाऊस यांची सांगड पाहता ही आपत्ती तशाच वादळाची असावी. पावसाळ्याच्या अखेरीस तलाव काठोकाठ भरलेला असणार. माती-दगडाच्या बांधाला सर्वांत मोठे भय असते ते माथ्यावरून पाणी वाहू लागण्याचे, आणि वाहून आलेल्या झाडाझुडपांनी सांडवे तुंबले असतील तर ते भय दुणावते. शिवाय तलाव रिता झाला तो वर्षाच्या अशा वेळी, की पुढले सात महिने पुन्हा पाऊस येणार नव्हता. शेतीचा शब्दही लेखात नाही. पण पुढे लोकांनी हाहाकार केला असे जे लेख म्हणतो, त्याचा अर्थ लावण्यास हे ऋतुमान पुरेसे आहे.

यानंतरचा प्रसंग रुद्रदामनाच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा. राजाचे मतिसचिव आणि कर्मसचिव, म्हणजे सल्ला देणारे व कार्य पार पाडणारे असे दोन्ही प्रकारचे मंत्री, अमात्याच्या सर्व गुणांनी युक्त असूनही ह्या कामाला प्रतिकूल झाले. भगदाड इतके प्रचंड होते की त्यांचा उत्साहच मावळला. त्यांनी कामाला नकार दिला. बांध पुन्हा होत नाही असे दिसताच प्रजा हताश झाली. प्रशस्तिकाराला हे सांगण्याचे काहीच कारण नव्हते. राजाने इच्छा केली आणि काम झाले, एवढे लिहिणे त्याला अधिक सोपे होते. मंत्रिमंडळाचा विरोध दगडावर कोरून ठेवलेली दुसरी प्रशस्ती प्राचीन भारतात सहसा आढळत नाही. मंत्र्यांना मूर्ख वा दुष्ट म्हटलेले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. खर्च अफाट होता, यश अनिश्चित होते, आणि शहाण्या माणसांनी नाही म्हणावे असेच ते काम होते. राजा आणि त्याचे शहाणे मंत्री यांच्यातील हा मतभेद लेखाने लपविला नाही, म्हणूनच पुढचे त्याचे शब्द विश्वासार्ह वाटतात.

रुद्रदामनाने मंत्र्यांचा सल्ला बाजूला सारला. आनर्त आणि सुराष्ट्र ह्या संपूर्ण प्रदेशाच्या पालनासाठी त्याने नेमलेला अमात्य सुविशाख, कुलैपाचा पुत्र, जातीने पह्लव, याने हे काम अंगावर घेतले. सुविशाखाचे वर्णन लेखात थोडक्यात आहे, परंतु ते निवडक आहे. तो समर्थ, संयमी, स्थिर आणि निगर्वी होता, त्याला लाच देता येत नव्हती, आणि अर्थ व धर्म यांच्या यथायोग्य व्यवहाराने त्याने लोकांचे प्रेम मिळविले होते. शेकडो मजूर, दगडाच्या खाणी, धान्याचे कोठार आणि वर्षानुवर्षे वाहणारा पैसा जेथे असतो त्या कामाच्या प्रमुखाचा गुण म्हणून नेमकी निर्लोभता नोंदविली जावी, यात काही योगायोग नाही. फार वेळ न घेता बांध पूर्वीपेक्षा लांबी-रुंदीने तिप्पट भक्कम झाला आणि तलाव आधीहून अधिक सुदर्शन झाला, असे लेख सांगतो.

पैसा राजाच्या कोशातून आला. नगरातील आणि खेड्यांतील प्रजेला कर, वेठ आणि प्रणय यांचा उपद्रव दिला नाही, ही गोष्ट लेखात स्पष्टपणे नोंदलेली आहे. कर आणि वेठ हे शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावयास नकोत. प्रणय हा शब्द मात्र येथे प्रेमाशी संबंधित नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोश रिता झाला असता राजाने प्रजेकडून मागावयाच्या जादा वसुलीला हे नाव आहे, आणि ती एकदाच मागावी, पुन्हा मागू नये, असा तेथे नियम आहे. फुटलेला बांध हे असली वसुली करण्याचे उत्तम निमित्त होते. ते टाळले, हे कोरून ठेवण्याजोगे वाटले; यावरून अशा वेळी एरवी काय घडत असे तेही कळते. त्याच अर्थशास्त्रात नवा तलाव वा बांध घालणाऱ्याला पाच वर्षे, मोडून पडलेला दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे आणि गवत-झुडपांनी भरलेला साफ करणाऱ्याला तीन वर्षे करमाफी सांगितली आहे. नव्या बांधकामाला अधिक मान आणि दुरुस्तीला थोडा कमी, हा क्रम शास्त्रातही होता. रुद्रदामनाची कीर्ती मात्र टिकली ती दुरुस्तीवर.

येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. ज्या कोशातून हा खर्च झाला तो बलि, शुल्क आणि भाग यांनी, सोने, रुपे, हिरे, वैडूर्य आणि रत्ने यांनी ओसंडत होता, असे लेखच सांगतो. त्यातील बराच भाग जिंकलेल्या देशांतून आणि पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारातून आलेला असणार. गिरनारच्या पायथ्याच्या शेतकऱ्यावर नवा बोजा पडला नाही हे खरे. तो अन्यत्र कुठे आधीच पडून गेला होता. तरीही युद्धातून आलेले धन पुन्हा युद्धात न घालता भगदाडात घालावे, ही निवड रुद्रदामनाचीच.

ह्या कामाची नोंद संस्कृतात झाली, आणि त्यामुळे राजाच्या नावाला दुसरे आयुष्य मिळाले. वीस वर्षांपूर्वीच्या अंधौच्या शिळा प्राकृतात आहेत. सातवाहनांचे राजलेख प्राकृतात आहेत. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखात संस्कृत डोकावते, पण टिकत नाही. अयोध्येचा धनदेवाचा लेख किंवा राजस्थानातील घोसुंडीचा लेख यांसारखे छोटे संस्कृत लेख याआधीचे आहेत. परंतु विस्तृत, अलंकृत, गद्यकाव्य म्हणता येईल असा पहिला संस्कृत कोरीव लेख हाच. सिल्व्हाँ लेव्ही यांनी तर संस्कृतला लौकिक व्यवहारात आणण्याचे श्रेय ह्या शक क्षत्रपांनाच दिले. ते मत सर्वस्वी मान्य होण्याजोगे नाही. मात्र गाथांच्या प्राकृताचा आश्रय करणारे सातवाहन आणि संस्कृताचा आश्रय करणारे परक्या मुळाचे क्षत्रप, हा विरोध मनोरंजक खरा. लेखात रुद्रदामनाच्या गद्य-पद्यरचनेची स्तुती करताना स्पष्टता, लाघव, माधुर्य, वैचित्र्य, कांती, औदार्य असे जे गुण मोजले आहेत, ते पुढे अलंकारशास्त्रात दण्डीपर्यंत चालत आलेल्या गुणांशी जुळतात. गेओर्ग ब्यूलर यांनी १८९० साली ह्याच आधारे असे दाखविले की इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत संस्कृत काव्य निद्रिस्त होते ही समजूत टिकणारी नाही. राजाची स्वतःची एकही रचना उपलब्ध नाही. प्रशस्तीच्या कर्त्याचे नावही उरलेले नाही. परंतु पुराचे वर्णन ज्या लांबलचक समासात केले आहे त्यात पाण्याचा लोंढा वाटेतील एकेक वस्तू घेऊन पुढे सरकावा तशी पदांची रांग येते, आणि तलाव रिता होताच वाक्य एकदम आखडते. बांधाची मापे देणारा हिशेबनीस आणि हा गद्यकार यांचे काम एकाच मजकुरात एकत्र यावे, ही त्या काळच्या राजसभेची संस्कृती होय.

लेख वाचला जाण्याचा इतिहासही पश्चिम भारताच्या विद्वत्तेचा इतिहास आहे. कर्नल टॉड याने १८२२ साली ही शिळा पाहिली, आणि १८३८ साली जेम्स प्रिन्सेप याने रुद्रदामनाचा लेख वाचून प्रसिद्ध केला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याचे सुधारलेले वाचन व भाषांतर केले. भाऊ दाजींना त्यासाठी लाभलेले साहाय्यक भगवानलाल इंद्रजी हे जुनागढचेच. बालपणापासून ती शिळा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेल्या कीलहॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जी संहिता सिद्ध केली ती आजही प्रमाण मानली जाते. मराठीत म. म. वा. वि. मिराशी यांनी क्षत्रपांच्या लेखांचा साक्षेपाने परामर्श घेतला.

सातकर्णीशी असलेल्या नात्याचा उलगडा मुंबईजवळच्या कान्हेरीच्या डोंगरातील एका खंडित संस्कृत लेखाने होतो. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक राजांच्या वंशातील आणि महाक्षत्रप रु... याची कन्या होती, असे तेथे म्हटले आहे. नावाचे पहिलेच अक्षर उरले असले तरी ते रुद्रदामनाचे असावे, याविषयी बहुतेक विद्वानांचे एकमत आहे. मुलीच्या संसारासाठी जावयाला वा जावयाच्या घराण्याला जीवदान, असा त्या दोन विजयांचा शेवट दिसतो. हा कान्हेरीचा लेखही पाण्याचाच आहे. राणीचा अमात्य शतेरक याने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके दिले, त्याची ती नोंद. पावसाचे पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींनी टाक्यांत उतरवून घेण्याची कान्हेरीची व्यवस्था प्रसिद्धच आहे. महाक्षत्रपाची लेक दख्खनच्या राजघराण्यात गेली आणि तिचे स्मरण उरले ते एका टाक्याच्या काठावर.

रुद्रदामनाच्या मृत्यूचे वर्ष सांगता येत नाही. १५० नंतर त्याची तारीख घातलेला लेख नाही. त्याच्यामागे पुत्र दामजदश्री आणि पुढे दुसरा पुत्र रुद्रसिंह गादीवर आले. रुद्रसिंहाच्या कारकीर्दीत, शक १०३ मध्ये, आभीर सेनापती रुद्रभूती याने सौराष्ट्रातच एक वापी खोदून बांधविली, ती नोंद गुंडा येथील लेखात आहे. ही घराण्याचीच परंपरा म्हणावी, की कोरड्या प्रदेशाची निकड?

सुविशाखाने घातलेला बांध सुमारे तीनशे वर्षे टिकला. गुप्त संवत् १३६ मध्ये, म्हणजे इ. स. ४५५च्या सुमारास, भाद्रपदातील षष्ठीच्या रात्री अतिवृष्टीने तो पुन्हा फुटला. त्या वेळी सुराष्ट्राचा अधिपती पर्णदत्त होता आणि त्याचा पुत्र चक्रपालित नगराचा कारभार पाहत होता. चक्रपालिताने दोन महिन्यांत बांध सावरला. शंभर हात लांब, अडुसष्ट हात रुंद आणि सात पुरुष उंच अशी त्याची मापे स्कंदगुप्ताच्या लेखात आहेत. हा लेख पद्यात असून सुदर्शन तलावाच्या संस्काराचा ग्रंथ असे स्वतःला म्हणवितो. एका दुरुस्तीवरच्या रचनेने ग्रंथ हे नाव धारण केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. त्यात रुद्रदामनाचा वा सुविशाखाचा उल्लेख नाही. त्यांचा लेख त्याच शिळेवर, हाताच्या अंतरावर होता.

त्यानंतर त्या शिळेवर तलावाविषयी कोणीही काही कोरले नाही. बांध पुढे केव्हा आणि कसा फुटला हे लेखांवरून कळत नाही. त्याची जागा नेमकी कोणती, ह्याचा शोध एकोणिसाव्या शतकापासून चालला. भगवानलालांनी तो केला आणि १९६०च्या दशकात बडोद्याचे पुरातत्त्वज्ञ र. ना. मेहता यांनीही त्या परिसरात हिंडून बांधाच्या खुणा तपासल्या. सोनरेख अजून गिरनारवरून उतरते आणि त्या शिळेजवळून जुनागढकडे जाते.